मोर्तब आणि मार्कर पेन

करवीर म्हणजे कोल्हापूरच्या दरबारातून अठराव्या शतकात सुटलेले एखादे राजपत्र समोर घेतले आणि त्यावर छत्रपतींची सही शोधू लागलो, तर आजच्या अर्थाची सही बहुधा सापडत नाही. माथ्यावर श्रीकार आणि मुद्रा, त्याखाली बोरूने एका दमात ओढलेला मोडी मजकूर, आणि मजकूर जिथे संपतो तिथेच, शेवटच्या अक्षराला खेटून, मर्यादेचा छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. अक्षर असते चिटणिसाचे किंवा त्याच्या हाताखालच्या कारकुनाचे. राजांनी स्वतः बोरू हाती धरलाच नाही असे नव्हे. संभाजी महाराजांनी नामदेवभट बाकरे यांना दिलेल्या १६८० च्या दानपत्रावर त्यांचे स्वहस्ताक्षर आहे, आणि म्हणूनच ते दानपत्र एवढे मोलाचे मानले जाते. पण असे दाखले अपवादाचे. रोजच्या कारभारात हुकूम खरा की खोटा हे राजाच्या हस्ताक्षरावरून ठरत नव्हते. आज क्रिकेटची बॅट, फुटबॉलची जर्सी किंवा पैलवानाचा फोटो पैसे मोजून घेणारा माणूस मात्र नेमके तेच धरून बसतो: सहीचे वळण जुळले की माल खरा. खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा जगभरचा धंदा या एका समजुतीवर चालतो. ती समजूत किती कच्ची आहे हे पाहायचे तर कोल्हापूरच्या जुन्या दफ्तराइतकी सोयीची जागा नाही, असे माझे म्हणणे आहे.

त्या काळी अक्षरावर भिस्त न ठेवण्याला सरळ कारण होते. मोडी लिहिणारा कारकून स्वतःचे अक्षर काढत नसे, शिकवलेले वळण काढत असे. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे घोटून घेतली जात, आणि वळण जितके पक्के बसे तितका कारकून चांगला. जिथे अनेक हात एकाच वळणाने लिहायला शिकतात, तिथे नुसते अक्षर जुळल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. चांगला कारकून आणि चांगला बनावटखोर यांचे शिक्षण एकच. म्हणून खरेपणाची जबाबदारी कागदावरच्या दुसऱ्या खुणांवर आणि कागदाबाहेरच्या नोंदींवर टाकलेली दिसते. मोर्तबाने मजकुराची हद्द बांधली जाई, नंतर एखादी ओळ घुसडायला जागा उरत नसे. बंदाला बंद चिकटवून लांब कागद केला असेल तर जोडावर शिक्का उमटवत, म्हणजे मधला बंद बदलणाऱ्याला अर्धा शिक्का कुठून आणायचा हा प्रश्न पडे. पत्र दफ्तरातून सुटताना ‘सुरु सूद’, ‘बार’ असे शेरे पडत. देण्याघेण्याचा विषय असला तर त्याचा माग रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीतही उमटे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद होई आणि त्यावर हजर मंडळींच्या निशाण्या पडत. ज्याला लिहिता येत नव्हते तो आपल्या धंद्याची खूण करी: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. नांगराचे चित्र कोणालाही काढता येते, त्यात कसलेही कसब नाही. तरीही ती निशाणी चाले, कारण ती आसपासच्या गावांतल्या माणसांसमोर काढलेली असे आणि त्या माणसांना उद्या पुन्हा विचारता येत असे.

एवढे करूनही खोटे कागद झालेच, आणि पुष्कळ झाले. ते कसे पकडले गेले हे पाहण्यासारखे आहे. राजवाडे, खरेशास्त्री यांच्या पिढीपासून इतिहास संशोधकांनी कागदांची जी छाननी केली, तिच्यात अक्षरापेक्षा मिती जास्त कामाला आली. जुन्या पत्रात शुहूर सन अरबी अंकनामांत असतो, हिजरी महिन्याचे चंद्र असतात, शक आणि तिथी असते, कधी वार असतो, कधी राज्याभिषेक शक असतो. या सगळ्या कालगणना वेगवेगळ्या दिवशी बदलतात; शुहूर सन मृग नक्षत्राला पालटतो, शालिवाहन शक चैत्रात. मागाहून कागद रचणाऱ्याला या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो आणि तिथे तो हमखास अडखळतो. १६७४ च्या आधीच्या मितीखाली राज्याभिषेक शक दिसला तर मग अक्षर कितीही देखणे असो, पुढे बघण्याची गरज नाही. पदव्यांचेही तसेच: अजून न मिळालेले पद मिरवणारा कागद आपली साक्ष आपणच बिघडवतो.

करवीरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १७०७ नंतर मराठी राज्याच्या दोन गाद्या झाल्या आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्यातली सीमा आखली गेली. मधल्या काळात साताऱ्याची सनद एकाकडे आणि पन्हाळ्याच्या करवीर गादीची दुसऱ्याकडे, असे तंटे उभे राहू शकत होते. दोन्ही कागद अस्सल, शिक्के अस्सल, आणि तरी एकाचा दावा फोल. अस्सलपणा म्हणजे एकच एक गुण नाही हे इथे लख्ख दिसते. कागद खरा असणे, त्यावरची खूण त्या माणसाची असणे आणि कागदाबरोबर सांगितली जाणारी हकिगत खरी असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मृतिवस्तूंच्या बाजारात त्या एकाच प्रमाणपत्रात कोंबल्या जातात.

आता खेळाकडे येऊ. कोल्हापुरात १९१९ मध्ये जन्मलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकरांबरोबर त्यांची ४५५ धावांची भागीदारी झाली. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांचा एका डावातला नाबाद ४५२ चा विक्रम अवघ्या ९ धावांवर असताना काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, उपाहाराच्या वेळी सामनाच सोडून दिला. ब्रॅडमन यांनी पत्र पाठवून या खेळीचे कौतुक केले, असे २०१२ मध्ये निंबाळकरांच्या निधनानंतर आलेल्या मृत्युलेखांत नोंदलेले आहे. समजा, उद्या कोणी असे एखादे पत्र विकायला काढले. ब्रॅडमन यांची सही ही क्रिकेटमधली बहुधा सर्वांत विपुल सही. पत्रांना उत्तरे देण्याचा आणि सह्या करून पाठवण्याचा क्रम त्यांनी ॲडलेडमध्ये अनेक दशके पाळला. नक्कल करणाऱ्यापुढे उत्तम नमुन्यांचा ढीग पडला आहे. तेव्हा सहीच्या वळणाने पत्र खरे ठरेल अशी आशा करणे व्यर्थ. मग पाहायचे काय? ब्रॅडमन यांना ‘सर’ हा किताब १ जानेवारी १९४९ ला जाहीर झाला. पत्रावर डिसेंबर १९४८ ची तारीख आणि माथ्यावर छापलेले ‘सर’, एवढी एक विसंगती पुरे. राज्याभिषेकाआधी राज्याभिषेक शक घालणाऱ्याची चूक ती हीच. लिफाफा आहे का, त्यावर कुठल्या टपाल कचेरीचा शिक्का कोणत्या तारखेचा, कोल्हापूर संस्थान मार्च १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, तर पत्त्यात काय लिहिले आहे, पत्र निंबाळकर कुटुंबातून बाहेर कधी पडले, हे प्रश्न सहीच्या आधी विचारायचे. त्यांतल्या एकाचेही उत्तर नक्कल करणाऱ्याच्या मनगटात नसते.

यावर पहिला आक्षेप हस्ताक्षरतज्ज्ञांचा येईल, आणि तो हलक्यात काढता येत नाही. खऱ्या सहीत वेग असतो. पेन कागदावर टेकण्याआधीच हात चालू झालेला असतो, म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा रेघ काढतो, सही करत नाही. मग रेघेला बारीक कंप येतो, दाब सगळीकडे सारखा पडतो, मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवल्याची जागा भिंगाखाली दिसते. कोणाच्याही दोन सह्या तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून दोन सह्या एकमेकींवर चपखल बसल्या तर त्यातली एक गिरवलेली, नाही तर छापलेली. हे सगळे खरे आहे. आपल्या न्यायालयांनीही १८७२ च्या पुरावा कायद्यापासून हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत ग्राह्य मानले आहे, आणि मुरारीलाल खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा मताला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच असा नियम नाही, मात्र ते सावधपणे पाहावे. पण तज्ज्ञाला काय दाखवले जाते ते लक्षात घ्या. खटल्यात त्याच्यापुढे मजकूर असतो, कबुलीच्या नमुना सह्या असतात, अनेकदा संबंधित माणूस हजर असतो. बॅटच्या फळीवर किंवा चेंडूच्या फुगीर कातड्यावर, गर्दीत, उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या मार्करने केलेली तीन इंची सही ही त्या माणसाची खरी असूनही त्याच्या टेबलावरच्या सहीशी जुळत नाही. कंप तिथे वस्तूमुळेही येतो, वयामुळेही येतो. उलट सराईत नक्कलकार शेकडो वेळा सराव करून वेगही कमावतो. वळणावरून सही खोटी ठरवणे पुष्कळदा जमते, खरी ठरवणे फार क्वचित. त्याच पुरावा कायद्यात तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजाबद्दल एक तरतूद होती, ती २०२३ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे: दस्तऐवज योग्य ताब्यातून आलेला असेल तर त्यावरची सही त्या माणसाची आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. कायदा तिथे आधी ताबा विचारतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. सही खोटी करता येते तर तिच्या भोवतीचे कागद खोटे करायला कितीसा वेळ लागतो? याचे उत्तर अमेरिकेत मिळून चुकले आहे. एफबीआयच्या सॅन दिएगो कार्यालयाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने जी मोठी कारवाई केली, तिच्यात खोट्या सह्यांच्या मालाबरोबर अस्सलपणाची प्रमाणपत्रेही निघाली. बेसबॉलवर मदर तेरेसांची सही करून विकण्यापर्यंत त्या मंडळींची मजल गेली होती. त्या सहीचे वळण बरोबर आहे की नाही हे पाहत बसणाऱ्या गिऱ्हाइकाची कीव करावी तेवढी थोडी. हे प्रमाणपत्र मागाहून, विक्रीच्या वेळी, विकणाऱ्याच्याच बाजूने तयार झालेला कागद असते. रोजकीर्दीतली नोंद तशी नसते. ती व्यवहाराच्याच दिवशी, तिऱ्हाइताच्या हाताने, दुसऱ्याच कामासाठी पडलेली असते, आणि लिहिणाऱ्याला पुढे शंभर वर्षांनी तिचे मोल काय होईल याची कल्पना नसते. बनावटखोर नेहमी किंमत ठरल्यानंतर कामाला लागतो. म्हणूनच किंमत नसताना झालेली नोंद हा त्याच्या आवाक्याबाहेरचा पुरावा. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये जी पद्धत सुरू केली ती हेच मान्य करते. तिथे पोलीस खात्यात काम केलेला साक्षीदार हजर राहून सही होताना, चेंडू मैदानाबाहेर येताना पाहतो, तिथल्या तिथे क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो आणि नोंद करतो. त्याने न पाहिलेली वस्तू, ती कितीही खरी असली, त्या नोंदीत घेतली जात नाही. महजरावर नांगर काढताना जे गोत भोवती बसत होते त्याची जागा इथे एका पगारी माणसाने घेतली, इतकेच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि तो आपल्याच इतिहासातून येतो. नोंदीला सर्वस्व मानले की ज्याची नोंद हरवली त्याच्यावर अन्याय होतो. दक्षिण मराठा मुलखात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला बळ मिळाले, आणि इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा पुण्याच्या पेशवे दफ्तराशी ताडून पाहिल्या. त्यात बनावट सनदा उघड झाल्या हे खरे. पण आगीत, पुरात, वाळवीत, भाऊबंदकीत ज्यांचे कागद गेले, त्यांतल्या कित्येकांची पिढीजात इनामेही गेली, आणि १८५७ च्या आधीच्या असंतोषात या चौकशीचा वाटा किती होता याची चर्चा तेव्हापासून आजपर्यंत होत आली आहे. हा धडा खेळाच्या वस्तूंनाही लागू होतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गर्दीतून कोणी पोराने वहीवर सही मिळवली, तिला ना साक्षीदार ना होलोग्राम. म्हणून ती खोटी? मुळीच नाही. कमिशनची चूक कागदाची ताडणी करण्यात नव्हती. जे सिद्ध झाले नाही ते खोटे, असा निकाल देण्यात आणि तो जमिनीवर बजावण्यात होती. सिद्ध न झालेली सही ही सिद्ध न झालेलीच राहू द्यावी. घरात ठेवणाऱ्याला तेवढे पुरते. त्याला ती कोणी केली ते ठाऊक आहे. अडचण येते ती वस्तू परक्याला विकताना, आणि परक्याने आपल्या आठवणीवर पैसे मोजावेत अशी अपेक्षा धरणे रास्त नाही.

कोल्हापूरच्या कुस्तीला तर हा प्रश्न फार काळ पडलाच नाही, कारण तिच्या मानचिन्हांत पैलवानाचे हस्ताक्षर कुठेच येत नव्हते. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१२ मध्ये, खासबाग मैदान उभे राहिले ते मुळी सगळ्यांना सगळे दिसावे म्हणून: मध्ये हौदा, भोवती चढती बैठक, कोणाचे डोके कोणाच्या आड येत नाही. कुस्ती निकाली झाली की नाही हे हजारो डोळ्यांनी पाहिलेले. बक्षीस म्हणून फेटा, चांदीची गदा, रोख इनाम. गदेवर नाव कोरतो तो कारागीर, आणि कोणाचे कोरायचे हे मैदानाने ठरवलेले. त्याखेरीज कुस्तीची जाहिरात करणारी पोस्टरे छापली जात, त्यांवर जोडी, वस्ताद, तालीम, तारीख आणि इनामाची रक्कम असे. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये आणि गणपत आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले त्याला कोणाच्या सहीचा आधार लागत नाही. पैलवानाची सही विकत घेण्याची हौस नंतरची, क्रिकेटवरून आलेली, आणि तिच्याबरोबर क्रिकेटमधले घोटाळेही आले. त्यातला एक तर घोटाळाही नव्हे: नामांकित खेळाडूची सही कारखान्यातच छापलेल्या बॅटी दुकानांत सर्रास मिळत आल्या आहेत, आणि आजोबांच्या माळ्यावरून निघालेली अशी बॅट नातवाला खजिना वाटते. भिंग लावले की छपाईची एकसारखी शाई उघडी पडते. इथे कोणी फसवलेले नसते, फक्त काळ मध्ये गेलेला असतो.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घेतले की वस्तूचे वय आणि सहीचे वय यांतला फरक नीट कळतो. गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि तिथून खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले. आता त्या वर्षीचा एक फोटो, त्यावर सही, आणि ती हेलसिंकीहून परततानाच घेतल्याची कथा, असे काही बाजारात आले असे धरू. कागद अतिनील दिव्याखाली निळसर उजळला तर त्यात उजळवणारी रसायने आहेत, आणि तो फोटो १९५२ चा मूळ ठसा असण्याबद्दल दाट शंका घ्यावी लागते. बहुधा तो नंतर काढलेली प्रत आहे. सही जाड फेल्ट मार्करने केलेली असली तर ती १९५२ ची नाही असे समजायला हरकत नाही. इतक्यावर घाईने ‘खोटी’ म्हणणारा मात्र चुकेल. खाशाबा १९८४ पर्यंत हयात होते. त्यांनी जुन्या फोटोच्या नव्या प्रतीवर १९७५ मध्ये मार्करने सही केली असू शकते. शाई आणि कागद यांनी खोडून काढली ती हेलसिंकीहून परतताना सही घेतल्याची कथा, सही नव्हे. कथेची किंमत लावलेली असेल तर मात्र विकणाऱ्याने ती परत करायला हवी. उलट दिशेनेही फसगत होते: १९५२ चा अस्सल फोटो, जुन्या वर्तमानपत्राचे अस्सल पान किंवा कुस्तीचे खरेखुरे पोस्टर घेऊन त्यावर काल सही ठोकणे हा नक्कलकाराचा आवडता मार्ग आहे, कारण गिऱ्हाईक कागद तपासून समाधान पावते.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकले, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी. त्यांच्या सहीच्या टोप्या, फोटो, टारगेटचे कागद जिल्हाभर पसरणार हे उघड आहे, आणि पाठोपाठ नकलाही येतील. कोल्हापूरच्या फुटबॉलचेही तेच: पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार ही नावे तालमींची किंवा पेठांतल्या मंडळांची, आणि हंगामात पेठेपेठेत संघाची जर्सी मिरवली जाते. या तालमींकडे वर्गणीच्या वह्या आहेत, सामन्यांची पत्रके आहेत, सत्कारांचे फोटो आहेत. सत्काराच्या वेळी कोणत्या वस्तूवर कोणी सही केली, कोण हजर होते, वस्तू कोणाकडे गेली, एवढ्या चार रकान्यांची एक वही त्यात वाढवायला खर्च जवळजवळ शून्य. ती वही तालमीच्या कार्यकर्त्याने त्याच संध्याकाळी लिहिली पाहिजे आणि फोटोची प्रत तिच्यात डकवली पाहिजे. वर्षभराने, कोणी विकत घ्यायला आल्यावर, आठवून लिहिलेली वही विकणाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्राच्याच लायकीची.